अकरा मिनिटं

वेंगुर्ल्याच्या बंदरावरची बंद पडलेली बर्फ फॅक्टरी.
तिथे तीन दिवस सिनेमे दाखवणार होते
आणि मला बोलावलं होतं जनरेटरसाठी.
पंचवीस केव्हीए, डिझेल वेगळं, अर्धे पैसे आधी.
लग्न असो नाहीतर दशावतार, मी मागेच बसतो.
पुढे काय चाललंय ते मला
लोडवरून कळतं.

पहिल्या रात्री शिरोड्याचा बाबल आरोसकर,
मिठागरातला पोर, टाचांना अजून भेगा.
त्याच्या सिनेमात मिठात पुरलेली माणसं
कुजत नाहीत,
म्हणून बाकी मजुरी मागायला परत येतात.
पांढरी फटक. पापण्यांवर खडे.
मुकादमाच्या दारात रांग लावून उभी,
काही करत नाहीत, नुसता हात पुढे.
मी केबल बघायच्या निमित्ताने आत गेलो
आणि केबल हातातच राहिली.
नंतर विचारलं, "भुतां खयसून हाडलंस रे?"
"माझे काके आसत," तो म्हणाला,
"दिसाची हजेरी दिलंय."

मग गुहागरच्या एक गणिताच्या बाई.
त्यांचं अंतराळयान म्हणजे मासळीचा थर्माकोलचा खोका,
आतून चंदेरी कागद.
त्यातून एकटाच निघालेला मुलगा
पृथ्वीला फोन लावतो, तर तो लागतो
एसटी डेपोच्या चौकशी खिडकीत.
लोक खो खो हसले.
मग खिडकीतली बाई विचारते,
"कुठून बोलताय? आज परतीची गाडी नाही,"
तेव्हा कोणी हसलं नाही.
बांगड्याचा वास मात्र येत होता.
खोक्याचा की फॅक्टरीचा, देव जाणे.

दुसऱ्या रात्री जयगडची जुवेरिया होडेकर
सरळ माझ्याकडेच आली.
"दादा, हा बंद होईल?"
म्हटलं, हा बंद तर तुमचा पिक्चर बंद.
"मग लांब न्या.
माझ्यात अकरा मिनिटं कसलाच आवाज नाही."

बावीस वर्षं लोक मला
वाढव, अजून वाढव, एवढंच सांगत आले.
शांतता कोणी भाड्याने मागितली नव्हती.

जेटीच्या टोकापर्यंत ढकलला तो.
बाबल, बाई, चष्मेवाले दोन पाहुणे,
खुद्द जुवेरिया, पदर खोचून.
चाकात जुनं जाळं अडकलं, ते कोयत्याने कापलं.
मग सगळे आत गेले
आणि मी राहिलो पाण्याजवळ, डासांत.

काय दाखवत होती ते मला नंतर कळलं.
एक ट्रॉलर गेलाय, आला नाही.
किनाऱ्यावर बाई. अकरा मिनिटं पडद्यावर
फक्त तिचा कान.

आणि वारा फिरला.

पिक्चर सुटल्यावर माणसं
घराकडे नाही, समुद्राकडे आली.
पुढे मांडवीतला एक म्हातारा, कमरेत वाकलेला,
डोळ्यांवर हात धरून काळोखात बघत.
"इंजिन आयकलंय मी," म्हणाला. "खंयची होडी?"
मी जनरेटरकडे बोट दाखवलं.
त्याने जनरेटर पाहिला. मग पुन्हा समुद्र पाहिला.

जुवेरिया माझ्यावर भडकली होती.
दोन वर्षं, आईची पाटली मोडून,
कष्टाने जमवलेली तिची शांतता
मी नासली म्हणाली.
मग त्या म्हाताऱ्याला तिने पाहिलं
आणि बराच वेळ काही बोलली नाही.
जाताना नंबर घेतला.

परवा तिने पिक्चर फोनवर पाठवला.
जेवणं उरकल्यावर लावला.
आला तो कान. त्यात एक साधी बाळी,
मागे थोडे पिकलेले केस.
बाकी काही नाही. दुसरं मिनिट, तिसरं.
फ्रिजसुद्धा गप्प.

मला बसवेना.
उठलो, मागल्या दारी गेलो,
जनरेटर चालू केला
आणि परत येऊन बसलो.

आतून बायको ओरडली,
"गो बाये, लाईट आसा मां?"